टिक

पहिले कित्येक दिवस नुसतंच : टिक, आणि केळं.
टिक, आणि केळं.
मोरोगोरोच्या पत्र्याच्या शेडात, पहाटे साडेपाचला,
म्वानाइदी केळं कुस्करते बोटाच्या पेराएवढं
आणि अंगठ्यानं टिकटिकी दाबते.

उंदीर मांजराएवढा. नाव तांगाविझी, म्हणजे आलं.
रंगावरून ठेवलेलं.
त्याला अजून काही कळलेलं नाही.
केळं गोड असतं एवढं कळलंय,
ते काय, कुणालाही कळतं.

मग एका मंगळवारी
टिक झालं, आणि केळं यायच्या आधीच
त्याच्या मिशा वळल्या.
म्वानाइदीनं वहीत रेघ मारली.
त्याच्या जगात आता
'आधी' नावाची एक जागा झाली होती.

पुढे टिकच्या मागे वास बांधला :
चहाच्या गाळणीत सुरुंगाची दारू, चिमूटभर.
तीन भोकं, एकात ती.
नाक तिथे तीन सेकंद थांबलं तर टिक.
चुकलं तर ओरडा नाही, चापट नाही,
काहीच नाही.
काहीच नसण्यानंही शिकवता येतं, फार.

असा आनंद मागे मागे सरकत गेला,
केळ्यातून टिकमध्ये, टिकमधून वासात,
आणि केळं हातात राहिलं
येणारच होतं म्हणून आलेलं.

(म्वानाइदीच्या नवऱ्याची मोटारसायकल
दार-एस-सलामला गेली ती गेली.
कुणाचीही फटफट आली की मान अजून वळते तिची.
कमी होतं हळूहळू, असं ती उंदरांबद्दल सांगते.)

*

मोझांबिक, गाझा प्रांत. लाल दोरीनं आखलेलं रान.
दोरीबाहेर झेफनियास मुकावेले, एका कुबडीवर.
उंदराला शेकडो वेळा लागलं शिकायला,
याला एकदाच.
एकोणीस वर्षांचा होता, काजू वेचायला निघालेला,
पायाखाली गवती चहा चुरडला,
त्याचा वास नाकात होता
आणि मग पाय नव्हता.

सव्वीस वर्षं त्याच्या घरात गवती चहा उकळला
की तो उठून अंगणात जातो.
गवती चहाचा काही दोष नव्हता.
तो फक्त तिथे होता.
आणि जी दारू खरी गुन्हेगार,
तिचा वास त्याला कधी आलाच नाही.

ताक फुंकून पिणाऱ्याला हसतात लोक.
त्याचं दूध कुणी पाहिलेलं नसतं.

*

तांगाविझी दोरीला बांधून रानात सोडला.
अकराव्या मीटरवर थांबला, माती खरवडली,
मागे वळून पाहिलं.

टिक नाही.

कारण खाली सुरुंग आहे की त्याची चूक,
हे म्वानाइदीला माहीत नाही.
नसलेल्यावर केळं दिलं
तर तो उद्या खोटं शिकेल.
खिशातल्या टिकटिकीवर तिचा अंगठा
घामानं निसटतो, तेवढंच.

खालचा सुरुंग दुपारी फोडला. धडाम.
तोवर तो पेटीत झोपला होता.
ते खरवडणं आणि हा आवाज
यांची गाठ त्याच्यात कधीच बसणार नाही,
गाठीला दोन टोकं जवळ लागतात.
संध्याकाळी सरावाच्या पट्टीत,
जिथे सगळं तिनंच पुरलेलं,
तिनं उधारी फेडली : टिक, केळं. टिक, केळं.

झेफनियासनं विचारलं, "भीती नाही वाटत त्याला?"
"त्याला तो केळ्याचा वास आहे."
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "आणि हे उलटं करायला
किती वेळा लागतं?"
तिनं वही चाळली. तसा रकाना नव्हता तिच्यात.

दुसऱ्या दिवशी नातीनं आधण ठेवलं,
दोन पाती टाकली, आजोबा आहेत हे विसरून.
घरभर वास.
झेफनियासनं कुबडी हातात घेतली,
धरून ठेवली.
उठला मात्र नाही.

टिक कुणी केलं नाही.